वरचा सा

बाई, आज ताई गायल्या. ऐंशी ओलांडल्यावर, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यावर, मुलाचं "आता कशाला ही दगदग" ऐकून झाल्यावरसुद्धा गायल्या. जन्मभर तुम्ही ज्यांच्या शेजारी पेटी घेऊन बसलात, त्यांच्या शेजारी आज मी बसले होते. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "तिची शिष्या ना तू? मग दुसरं कोण वाजवणार? आणि हे बघ, हे शेवटचं. नीट उतरलं तर सुखाने तंबोऱ्याला गवसणी घालेन. फसलं तर लोकांच्या ध्यानात तेवढंच राहील." हसत म्हणाल्या, पण मला काही हसू आलं नाही. तेव्हापासून रोज रियाजाला बसले की नाकात तुमच्या फोडणीचा वास यायचा.

सदाशिव पेठेतलं तुमचं ते दोन खोल्यांचं घर. मी बाहेरच्या खोलीत पेटीवर, तुम्ही आत ओट्याशी. समोर बसून तुम्ही मला फारसं शिकवलंच नाहीत. पोळ्या लाटता लाटता आतून गायचात, मुद्दाम हळू, कुकर फुसफुसत असताना, आणि मी बाहेरून साथ करायची. कॉलेजातली मी, बोटं नुसती पळायची माझी! एक दिवस तुम्ही श्वास घ्यायला थांबलात आणि तेवढी फट सापडल्याबरोबर मी अशी काही तान सोडली की माझी मीच खूश. तुम्ही कणकेच्या हातांनी बाहेर आलात. "वा! हात छान आहे हो तुझा. आता सांग, मी आत्ता काय म्हणत होते?" मला एक शब्द सांगता येईना. "मग मी आत कशाला घसा कोरडा करतेय? मी आपली भाजी परतते, तुझं चालू दे." अस्सा राग आला होता तुमचा! जिना उतरताना ठरवलं, पुन्हा इथे पाय ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधीच दारात उभी होते.

त्यानंतर कितीतरी दिवस बोटांना सुट्टी. फक्त एक सा, आणि डावा हात भात्यावर. सूर इतका बारीक धरायचा की कुकरची फुसफुस त्याच्यावरून ऐकू यावी, पण तुटता कामा नये. हवा कमी पडली की तो मरायचा, जरा जास्त झाली की बोंबलायचा. मला वाटायचं, ही बाई माझ्यावर कसला सूड उगवतेय! ताना मारणं याच्यापुढे काहीच नाही, हे कळेपर्यंत डाव्या मनगटाची पार वाट लागली होती. मी कुरकुरले की आतून आवाज यायचा, "न वाजवायला काय गं, पेटी उघडली नाही की झालं. वाजवूनही नसल्यासारखं राहायचं, तर त्याला हात लागतो." आणि ज्या दिवशी जमलं, त्या दिवशी 'छान' वगैरे काही नाही. आतून एक ताटली आली. गरम पोळी, गूळ-तूप लावून गुंडाळी केलेली. "खा. आणि चिकट बोटं पट्ट्यांना लावू नकोस." तुमची शाबासकी ती एवढीच, पण त्या पोळीसाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

आज सकाळची बैठक होती. छोटासाच हॉल, तुमच्या घरापासून चार पावलांवर. ताईंनी तोडी घेतली. आवाज थरथरतो आता, पण वळणं तीच. हळूहळू वर सरकत निषादापर्यंत आल्या, वरचा सा एकाच पायरीवर, आणि आवाज तिथेच थबकला. डोळे मिटलेले, मांडीवरची मूठ आवळलेली. बाई, त्या क्षणी मी दणकून वरचा सा दिला असता तर टाळी पडली असती. उजव्या हाताची बोटं शिवशिवतही होती. पण मग ताई नेमक्या कुठे अडल्या, ते शेवटच्या रांगेलाही कळलं असतं. आणि गप्प बसले असते तर त्या एकट्या पडल्या असत्या. तेवढ्यात डावा हात आपसूक हलका झाला. तोच सा, कुकरच्या फुसफुसीखालचा. ताई त्याला टेकल्या आणि वर गेल्या. आवाज थोडा, श्वासच जास्त, पण पोचल्या हो! हॉलमधून "आहाहा" आलं. माझे डोळे भरले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

नंतर चपला शोधत असलेले एक काका मला म्हणाले, "आज पेटीला सुट्टी होती वाटतं?" म्हटलं, "हो ना काका, रविवार आहे." आत ताई खुर्चीत चहा घेत बसल्या होत्या. माझा हात घट्ट धरला, लहान मुलीसारखा चेहरा. "लागला गं! मला वाटलं होतं, तो आता काही येत नाही. तू ऐकलास ना?" मी म्हटलं, "ऐकला ना ताई. स्वच्छ लागला." मग कप खाली ठेवत म्हणाल्या, "ती असायला हवी होती." आणि तंबोऱ्याला त्यांनी स्वतःच्या हातांनी गवसणी घातली.

आता हे मी कोणाला सांगू? घरी बोलले तर चार घरी जाणार, फिरत फिरत ताईंच्या कानावर पडणार, आणि मग तो सा त्यांचा राहणार नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय. तुमच्याकडून काही बाहेर जायचं नाही. लिहून झालं की हा कागदही फाडणार आहे. पण खरं सांगते, मला टाळी हवी होती. सगळ्यांची नको, तुमची. दुपारी घरी पोचले ती तशीच ओट्याशी गेले, एकच पोळी केली, गूळ-तूप लावून गुंडाळी केली आणि उभ्यानेच खाल्ली. गूळ घालताना मात्र हात आवरला नाही, बाई.