त्रेसष्ट अनोळखी खुणा

प्रिय कासवा,

‘प्रिय’ लिहू की नको, यात सकाळचे दोन कप चहा गेले. शेवटी लिहिलं. फोन न करता हाताने लिहिते आहे, कारण कागद उशाशी ठेवता येतो. अक्षर ओळखीचं वाटलं नाही तर सांगते: मी तुझी बायको, कागदोपत्री तरी अजून मीच. तू मला फौजदार म्हणायचास, आणि त्यात काही खोटं नव्हतं. शेजारचं मांजर दोनदा आपल्या खिडकीत दिसलं, तरी मला त्यात काहीतरी काळंबेरं वाटतं. दीड वर्षापूर्वी मी बॅग भरून निघाले, तेव्हा तू अडवलंही नाहीस. नंतर नोकरी सोडून तू तुझ्या ताईकडे राहायला गेलास. मी फोन केला की ताई म्हणायच्या, तो झोपलाय, नाहीतर बाहेर गेलाय. दुपारी बारा वाजता कोण झोपतं, हे मी मनात टिपून ठेवत होते.

आता आपल्या दोघांच्या ऑफिसची गोष्ट. प्रोग्रॅममधल्या टिपा वाचून आपोआप माहितीपुस्तिका छापणारं एक साधन तू तिथे लिहिलं होतंस. ते ज्या इंटरफेसवर, म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या ज्या तयार सोयीवर, उभं होतं, तो जुना म्हणून कधीचाच बाद ठरलाय आणि भाषेच्या नव्या आवृत्तीत तर तो नसणारच आहे. म्हणजे अख्खं साधन नव्या इंटरफेसवर न्यायचं. नुसती नावं बदलून भागत नाही, सगळी मांडणीच निराळी. साहेबांनी हे काम महिनाअखेरची मुदत घालून माझ्या गळ्यात मारलं. मी तोंड वाकडं केलं, पण आतून खूश होते. झडती घ्यायचा परवानाच मिळाला म्हण ना.

कारण तुझ्याविरुद्धचा पुरावा माझ्याकडे तयार होता. लग्नाच्या अकराव्या वर्षी तू मला विचारलंस, चहात साखर किती? मी जन्मात कधी साखर घेतली नाही. मी समजले की दुसऱ्या कुणाच्या चहाची सवय लागली आहे. मग दर शुक्रवारी चार वाजता छोट्या खोलीत पडदा ओढून तू आणि चष्मेवाली. चष्मेवाली म्हणजे टेस्टिंगची, खिडकीजवळ बसणारी. आणि शेवटी तुझ्या शर्टाच्या खिशात सापडलेली चिठ्ठी: आपल्याच घराचा पत्ता, खाली आपला फोन नंबर, आणि अक्षर तिचं. पत्ता देण्यापर्यंत मजल गेली, म्हणून त्याच आठवड्यात मी घर सोडलं. तू नुसता दाराशी उभा राहिलास.

तुझं साधन मी नव्याने लिहून पहिल्यांदा चालवलं, तर पडद्यावर त्रेसष्ट इशारे आले. सगळे एकच: ‘अनोळखी खूण’. प्रोग्रॅममधल्या टिपांत तू ‘फक्त-मला’ नावाची एक खूण केली होतीस. तिच्यापुढचा मजकूर तुझं जुनं साधन मुकाट्याने गिळायचं, पुस्तिकेत येऊ द्यायचं नाही. माझ्या नव्या साधनाला ती खूण ठाऊक नव्हती, म्हणून ते बोंबललं. खिसे, कपाट, फोन मी तपासते हे तू जाणून होतास, आणि त्या फायली तुझ्याशिवाय कुणी उघडत नव्हतं. पहिलीच नोंद वाचली: ‘शुक्रवारी चार वाजता, छोटी खोली. घरी कळता कामा नये.’ चोर पकडल्याचा आनंद झाला. ही माझी लाज आहे आणि मी ती लिहूनच ठेवते.

मग दुसरी नोंद वाचली. ‘हा भाग तूच लिहिला आहेस, पुन्हा लिहायला बसू नकोस.’ पुढे, ‘घरी जाताना दुसऱ्या सिग्नलला डावीकडे.’ मग, ‘तिच्या चहात साखर नको. काल पुन्हा विचारलंस.’ मी नोंदी छापून ते कागद घेऊन तरातरा चष्मेवालीच्या टेबलाशी गेले. तिने चष्मा काढला आणि मला खाली बसवलं. तिच्या वडिलांना हाच विसरण्याचा आजार होता. दर शुक्रवारी ती तुझ्याकडून आठवडाभराची कामं पाठ म्हणवून घ्यायची. रस्ता चुकलास तर कुणाला तरी दाखवता यावा म्हणून पत्ता तिनेच लिहून दिला होता. तरी माझा विश्वास बसेना. मी ताईंना फोन लावला आणि आडवेतिडवे प्रश्न विचारले. तिसऱ्या प्रश्नाला त्या रडायला लागल्या आणि तुझा आजार लपवल्याचं कबूल केलं.

साहेबांना पडदा स्वच्छ, एकाही इशाऱ्याविना हवा होता. तुझ्या नोंदी पुसल्या असत्या तर काम दोन मिनिटांचं होतं. मी नव्या साधनाला तुझी खूण शिकवली. आता तेही मुकाट्याने गिळतं. त्रेसष्टच्या त्रेसष्ट नोंदी मी वहीत उतरवून घेतल्या आहेत. त्रेसष्टावी अशी आहे: ‘तिला माझा संशय येतो आहे. येऊ दे. रागात असली की तिला जाणं सोपं पडेल.’ कासवा, इतका मोठा गुन्हा तू माझ्या नाकाखाली केलास आणि फौजदाराला पत्ता लागला नाही. मला तुझा भयंकर राग आला आहे आणि मी जाणार नाही.

या पत्रात कोण कोणाचं कोण हे मी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, ते टोमणे म्हणून नाही. ताई म्हणतात, आता तू फोनवरचे आवाज ओळखत नाहीस, पण लिहिलेलं वाचतोस, पुन्हा पुन्हा वाचतोस. म्हणून हे पत्र. रविवारी सकाळी अकरा वाजता ताईंच्या दारात निळी बॅग घेतलेली बाई येईल. ती मी. राहायला येते आहे. ओळख पटली नाही तर हा कागद काढून बघ. आणि चहात साखर किती, हे विचार. रोज विचारलंस तरी चालेल.

तुझीच,
फौजदार