दोराला रकाना न्हाई

प्रिय स्वरा,

जालन्यात मस्तगडच्या खोलीत पंख्याखाली बसली असशील, तशीच बसून वाच. फोनवर तू नुसती हं हं करतीस, म्हणून लिहून राह्यले. चौथीत शाळा सुटली, अक्षर वाकडंच येणार. सांजच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती धाडतेय.

सगळ्या तालुक्याची शेततळी तू कॉम्प्युटरात घातलीस. गावाचं शहाणपण बदली झालेल्या साहेबासंगं जाऊ द्यायचं न्हाई, असं पारावर भाषण केल्तंस. मला पटलं, कारण ते जातं हे मी पाह्यलंय. आपल्या गल्लीतली साळूबाई शेततळ्यात बुडाली तवा तू हॉस्टेलात होतीस. काठाला प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. पोहणाराचाबी पाय ठरत न्हाई. कागद ओरबाडून तिच्या बोटांची सालटी निघाल्ती. शेवटची अंघोळ मीच घातली. मंग रामकिसन ग्रामसेवकानं नियम केला, तळ्यात गाठी मारलेला दोर सोडल्याबिगर अनुदानाचा शेवटचा हप्ता न्हाई. लोकांनी त्याला लई शिव्या घातल्या, पण दोर बराबर बांधले. त्याची शहागडकडं बदली झाली. नव्या ग्रामसेवकानं विचारलं न्हाई, त्याला कुणी सांगितलं न्हाई. दोर उन्हानं कुजले. एक तर म्हशीच्या गळ्यात गेला.

तुझी माणसं फोन घेऊन मोजायला आली तवा मी हे सगळं बोलले. ते म्हणले, आजी, लांबी, रुंदी, खोली आन् फोटो एवढंच भरायचंय, दोराला रकाना न्हाई. चहा पिऊन गेले. तुलाबी सांगितलं. तू म्हणलीस, आता फॉर्म बदलला तर सगळं काम लांबतं.

परवा सत्यशीला तळ्यात अडकलेला मोटारीचा पाइप काढायला उतरली. तुझी सत्यशीला, जिच्या डब्यातली भाकर खाऊन तू शाळा केलीस. ज्या तळ्याच्या काठावर उभी राहून तू पेपरात फोटो दिलास, तेच तळं. पाय घसरला, एवढं लिहून पोलीस गेले. काल तिला जाळलं. तुला कुणी कळवलं नसंल, तुझं नाव निघालं की गाव गप होतंय.

उद्या राख सावडायची आहे. ऑफिसची गाडी आणू नको, एसटीनं ये. तिची माय तोंडाला येईल ते बोलंल, ते उभं राहून ऐक. मी मधी पडणार न्हाई. मंग जालन्याला जाऊन काय बदलायचं ते बदल. गावात अजून बिनदोराची तळी भरून राह्यलीत.

तुझीच, पण उद्या तिच्या मायजवळ बसणारी,
आजी