काळ्या धुराची क्षमा मागताना

लोहारा, यवतमाळ

तीर्थस्वरूप शामदादा यांस,
धाकट्या मामेभावाचा, गोपालचा, पायांवर डोके ठेवून नमस्कार. देवाच्या दयेने इकडे सगळे बरे आहे. तुमचे गुडघे आणि अंगणातली जुनी जीप यांची खुशाली कळवावी. पंधरा दिवस तुमचा फोन लागेना, म्हणून हंसावहिनींना केला. त्या म्हणाल्या, "मोबाइलवर कोन्या पोट्ट्यानं त्याईले काही म्हटलं, तवापासून फोन गव्हाच्या कोठीत टाकला. गाडीचं नाव काढू देत नाही." दादा, तो पोट्टा मी. (वय एकोणपन्नास.)

झाले असे. मोबाइलवरच्या 'गाडीचर्चा' गटात मी वर्षभर भांडतो आहे. तिथे खरे नाव कुणी लावत नाही. मी 'शांतचित्त' हे घेतले. विषय एकच, विजेची गाडी बरी की डिझेलची. मी विजेच्या बाजूचा. माझ्या दाराशी सायकल आहे. आमची कुंदा रोज विचारते, "गाडी ना घोडा, अन् कायले भांडून राह्यले?" गटातले बहुतेक शेअरवाले, ज्या कंपनीचा भाव चढला तिची गाडी त्यांना आवडते. मलाही पहिला प्रश्न हाच आला, "तुझे शेअर किती?" त्यांना काय सांगू? बारावी नापास झालो त्या वर्षी घरात कुणी माझ्याशी धड बोलत नव्हते. तुम्ही मारेगावला नेलेत आणि न विचारता हाती दहा-अकराचा पाना दिलात. जीपखाली पाठीवर पडून तुम्ही नुसता हात बाहेर काढायचात. चुकीचा पाना दिला तर तो तसाच परत यायचा, रागावणे नाही. ती उन्हे, तो डिझेलचा वास अजून देवपूजेतही मध्येच आठवतो (देव रागावत नसावा).

गटात यंत्रावर जीव असलेला माणूस एकच होता, 'काळा धूर'. त्याने एकदा लिहिले, "दसऱ्याले विजेच्या गाडीचं बोनेट उघडलं, तं आत बॅगा ठेवाची जागा! कुंकू काय बॅगेले लावू?" दोन दिवस देवासमोर बसलो तरी डोळ्यांपुढे बॅगच येई. तिसऱ्या दिवशी चिडून लिहून टाकले, "तुम्ही जन्मात कधी पाना तरी धरला आहे काय?"

त्याचे शेवटचे उत्तर आले, "हिवाळ्यात हवेच्या नळीसमोर पेटती चिंधी धरून, 'ऊठ माय, सवाऱ्या थांबल्या' म्हनत तेवीस वर्सं इंजिन उठवलं, बाप्पा. आता थांबतो." आणि त्याने गट सोडला. इंजिनाला 'माय' म्हणणारा माणूस मी जगात एकच पाहिला आहे. शेअरवाल्यांनी माझे अभिनंदन केले, "कटकट गेली." मी मोबाइल पालथा ठेवला.

दादा, माझे चुकले. मोठ्या मनाने पोटात घाला.

आपला अपराधी,
गोपाल

ता. क. फोन कोठीतून काढा आणि गटात परत या. या लोकांशी भांडण्यात काही राम नाही. समोरचा चुकीचा ठरला तरी त्याला काही दुखतच नाही.

आणखी एक. थंडीत बॅटरी मरते, हे तुमचे म्हणणे मात्र साफ चूक आहे. चार परिच्छेदांचे उत्तर लिहून ठेवले आहे. त्यातले दोन-तीन शब्द वडीलधाऱ्यांना लिहिण्याजोगे नाहीत. ते काढून पाहिले, पण मुद्दा कच्चा होतो. तरी लवकर यावे.