पिंटोसाहेबांच्या टाकीचे आटे

शिवाजीनगर, बंगळूर
सोमवार

प्रिय बसवंत,

वहिनीचा आशीर्वाद. अक्षर वाकडं आहे, लावून घे. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईकडून आणखी काय मिळणार? दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतलं असतं तर घरातली गोष्ट गल्लीभर झाली असती. इकडे सर्व कुशल असं लिहायची रीत आहे, पण कुशल नाही, म्हणून मी ते लिहीत नाही.

कँटोन्मेंटातले पिंटोसाहेब आठवतात ना, रेल्वेतले गार्ड, तुला पेपरमिंट द्यायचे ते? पेन्शनीत बसल्यापासून त्यांनी घरीच बियर करायचा नाद घेतलाय. डेअरीच्या भंगारातली एक स्टीलची टाकी आणली, खाली स्टीलचीच तोटी. ती स्वल्प गळते म्हणून पाना लावून कोरडीच आवळली. स्टील स्टीलला कसं धरतं ते तुला सांगायला नको. तोटी निघाली ती टाकीचे आटे ओरबाडूनच. मग टाकी आली आपल्या दुकानात. लेकीच्या लग्नाला पाहुण्यांना घरची बियर पाजायची आहे म्हणे. झाकण गच्च लावलं की ती आतून फुगते आणि सगळा जोर तोटीवर येतो, हे त्यांनीच हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

तुझे अण्णा म्हणाले, आटे पाडायच्या टॅपनं आतले आटे साफ करतो आणि तोटी पितळेची करून देतो, म्हणजे पुन्हा धरणार नाही. इथवर बरोबर. टॅप लावायची त्यांची रीत तुला पाठ आहे. आधी उलटा फिरवायचा, हळू. जुना आटा सापडला की टक् होतं, मग सुलटा. तुझा कान पिळून शिकवायचे, "बोटं दगड होतात रे, बोटांवर जाऊ नको. कान लाव."

मी शेजारी तेलाची बुधली धरून बसले होते. टक् झालं. मला ऐकू आलं. हे उलटाच फिरवत राहिले. परत टक् झालं, तरी तेच. शेवटी वैतागून कुठूनतरी सुलटा घातला आणि अंगचा जोर लावला. जुन्या आट्यांवर तिरके आटे पडले. पितळेची तोटी थोडी फिरून अडकली, तर तिला सूत गुंडाळलं, आवळली आणि सरी, झालं म्हणून टाकी देऊन टाकली. ज्या माणसानं वाकडा नट कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिला नाही, तो हा.

माझ्या डोळ्यांपुढे एकच, पाहुणे जमलेत, ती पोरगी ग्लास घेऊन वाकलीय आणि तोटी उडाली. दुसऱ्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन गेले, पिंटोसाहेबांना थाप मारली की आत वायसर राहिलाय, आणि टाकी हमालाच्या डोक्यावर देऊन आणली. आता ती शेजारच्या कृष्णाबाईच्या खाटेखाली आहे. साहेब रस्त्यावर दिसले की मी बोळात शिरते. दुकानात शिरून यांना विचारलं तर? लग्न पुढच्या रविवारी आहे.

त्यानंतर मी यांच्यावर नजर ठेवली. मागून हाक मारली तर पाठ हलत नाही. समोर बोललं की तोंडाकडे बघून उत्तर देतात. मोठा आवाज कळतो, बारीक कळत नाही. इतकी वर्षं लेथपाशी काढली, कान गेले. आणि मी समजत होते म्हातारा खडूस होत चाललाय. डॉक्टरचं नाव काढलं तर ताट सरकवलं.

तू ये. रजा काढ, हुबळीच्या साहेबांना काय सांगायचं ते सांग. भोक मोठं करून पितळेची बुश, आतून आटे पाडलेली नळी, बसवायला लागेल, तो हात तुझाच. पण नुसत्या टाकीसाठी मी पत्र लिहायला बसले नसते, गावात दुसरे लेथवाले मेले नाहीत. तू नोकरीवर निघालास त्या दिवशी लेथ बंद होता, हे दाराकडे पाठ करून कानस मारत होते. तू उंबऱ्यावरून म्हणालास, "अण्णा, निघतो." दोनदा म्हणालास. यांनी मान वळवली नाही. तू पेटी उचलून गेलास आणि अजून मला एकटीलाच पत्र घालतोस. मीही तेव्हा यांनाच दगडाच्या काळजाचे म्हटलं. अरे, नंतर हे दोन कप चहा घेऊन बाहेर आले होते. तेव्हापासून एकच धरून बसलेत, धाकटा भाऊ लेकरासारखा वाढवला आणि न सांगता गेला. टॅप फिरताना टक् झालं आणि यांचा हात थांबला नाही, तेव्हा मला तो दिवस कळला. मी समजावलं तर कानाचं मान्य करावं लागतं, म्हणून ऐकूनच घेत नाहीत. तू ये आणि समोर उभा राहून बोल. ओरडू नको, त्यांना राग येतो. उजेडात उभा राहा, तोंड दिसेल असा.

तुझीच,
भागूवहिनी