डाव्या कानाची व्यवस्था

मी, खाली सही करणारा रेडिओ-दुरुस्तीवाला, वय वर्षे ऐंशी, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाला भीक न घालता, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. यापूर्वी दोनदा लिहिले आणि दोन्ही वेळा फाडले, कारण त्यांत खरे लिहिले नव्हते. ती रद्द समजावीत.

एक. खालचे दुकान व वरच्या दोन खोल्या ताईला द्याव्यात. ताई म्हणजे समोर शिवणकाम करणारी. आमचे रक्ताचे नाते नाही. युद्धात माझ्या जागी गेलेल्या पोपटची ती थोरली बहीण. कलम चार वाचून तिला माझे तोंड पाहू नये असे वाटले तरी घर तिचेच.

दोन. पुतण्याला लाकडी शिडी द्यावी, बाकी काही नाही. माझ्या डाव्या बाजूला उभा राहून तो बायकोला म्हणाला होता, "म्हातारा भलताच चिवट आहे, लवकर आटपेलसं दिसत नाही." बाळा, मला शब्दन्‌शब्द ऐकू आला. कसा, ते पुढे येईल.

तीन. हत्यारे जो शिकेल त्याला द्यावीत. कैचीला हात लावू नये, ती ताईची आहे. मी परत करायची विसरलो.

चार. आता कबुली. मी बाँबफेकी विमानाच्या शेपटीत बसणारा बंदूकवाला होतो. आम्ही सात जण. तीस फेऱ्या झाल्या की सुटका. माझ्या बावीस झाल्या होत्या. बाविसाव्या फेरीत मागचे विमान माझ्या डोळ्यांदेखत पेटले. किती हवाई छत्र्या उघडतात हे मोजणे माझे काम. एकही उघडली नाही. त्यानंतर पुन्हा त्या शेपटीत चढायला मन धजेना. भीती वाटते म्हणावे तर कपाळी भेकडाचा शिक्का. कान दुखत असला तर मात्र वर नेत नसत. उंचीवर पडदा फाटतो. तळावरच्या डॉक्टरांनी विचारले, "कुठला?" ते माझ्या डावीकडे उभे होते, म्हणून म्हणालो, "डावा." त्यांनी कापसाचा बोळा घातला, सही केली, झाले.

पोपटचे विमान दुरुस्तीला होते, म्हणून माझ्या जागी त्याला नेमले. अखंड बडबड, म्हणून पोपट. माझे लोकरी हातमोजे मागायला आला. म्हणाला, "कान सांभाळ रे बाबा. उद्या माझी टकळी ऐकायचीय तुला." मी मोजे दिले. विमान परत आले नाही.

युद्ध संपल्यावर ताईकडे गेलो तो खरे सांगायलाच. माझ्या कानाचे तिला पोपटच्या शेवटच्या पत्रातून कळले होते. दारातच तिने विचारले, "कान बरा आहे का आता?" "त्या बाजूनं ऐकू येत नाही," असे तोंडातून निघून गेले. तेव्हापासून अठ्ठावन्न वर्षे मी एका कानाने बहिरा आहे. गिऱ्हाइकासमोर रेडिओला उजवाच कान लावतो. दर हिवाळ्यात ताई मला कानटोपी विणते, डाव्या बाजूला दुहेरी लोकर घालून. ती टोपी घालताना मेल्याहून मेल्यासारखे होते. डावा कान ठणठणीत आहे. तेव्हाही होता.

पाच. गेल्या थंडीत ती माझ्या डावीकडे बसून विणत होती. मान वर न करता हळूच म्हणाली, "त्या दिवशी कान दुखत नव्हता ना रे तुझा?" मी स्क्रू पिळत राहिलो. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग उजवीकडे येऊन मोठ्याने विचारले, "चहा टाकू का?"

हे मेल्यावर सांगणे म्हणजे पुन्हा कापसाचा बोळाच. म्हणून उद्या सकाळी मी स्वतः हे तिला वाचून दाखवणार आहे, डावीकडे बसवून.

सही: रेडिओ-दुरुस्तीवाला
साक्षीदार पहिला: गल्लीतले डॉक्टर. (गृहस्थ शुद्धीवर आहेत. दोन्ही कान तपासले, दोन्ही उत्तम.)
साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा न्हावी. (वीस वर्षं तो कान जपून भादरलं मी! कमाल आहे.)
ठिकाण: दुकानामागची खोली
तारीख: नऊ नोव्हेंबर

पुरवणी, दहा नोव्हेंबर. वाचून दाखवले. ताईने माझ्या हातातला कागद घेऊन घडी घातली. मग डाव्या कानाशी येऊन तिने एवढेच विचारले, "मोजे त्याच्या हातात होते ना?"

"होते, ताई."

"मग हात तरी गारठले नसतील त्याचे," ती म्हणाली, आणि आपली कैची घेऊन घरी गेली.