गुलाबदाणी कुठे आहे

सुरत
१९ जानेवारी १९९६

प्रिय केतकी,

माझी तब्येत ठीक आहे. तू दर पत्रात विचारतेस म्हणून आधीच लिहून टाकलं. लक्ष ठेवावं लागतंय ते घरावर.

दिवाळीपासून इथे वस्तू जागच्या हलतात. चष्मा डाळीच्या डब्यात निघतो, कपाटाची किल्ली देव्हाऱ्यामागे. बत्तीस वर्षं मी शाळेची कपाटं सांभाळली, खडूची पेटीसुद्धा कधी इकडची तिकडे झाली नाही. घरात माझ्याशिवाय वावरते ती सखुबाई. अकरा वर्षं कामाला आहे म्हणून डोळे मिटून बसायचं का? मी गॅसपाशी, दाराशी चिठ्ठ्या चिकटवल्या. आठवड्यात अर्ध्या गायब. मग पदराला गाठी मारू लागले, एक गोळीची, एक दूधवाल्याची. आंघोळ करून येते तो बादलीतल्या पातळाला एकही गाठ नाही. विचारलं तर म्हणते, गाठीसकट धुऊ कसं? उत्तर तयारच असतं तिचं.

सोमवारी महिला मंडळाच्या शैलजाबाई हळदीकुंकवासाठी आपली चांदीची गुलाबदाणी न्यायला आल्या. तुझे बाबा गेल्यापासून मी जात नाही, पण गुलाबदाणी दर संक्रांतीला आपलीच असते. कपाटात जागा रिकामी. शैलजाबाईंदेखत मी सखुबाईला बोलायचं ते बोलले आणि कामावरून काढलं. ती रडली नाही, भांडली नाही. हातातलं पातेलं विसळून पालथं घातलं आणि म्हणाली, "बाई, पोलिसात द्यायच्या आधी ताईंना एक कार्ड टाका."

मला वाटलं, वेळ काढतेय. पण बोभाटा झाला, आणि सोसायटीतल्या आणखी दोन घरांनी तिला काढलं. काल ती बमरोलीहून, तिच्या घरून, पुन्हा आली, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तिचं म्हणणं, दिवाळीला तू निघालीस तेव्हा मीच गुलाबदाणी पातळात गुंडाळून तुझ्या बॅगेत ठेवली, आणि बॅगेची चेन तिने लावली. मला यातलं काहीही आठवत नाही. ती रचून सांगतेय असं अजूनही वाटतं. पण पातळ कोणतं, तेही तिने सांगितलं. जांभळं, बारीक काठाचं. ते पातळही कपाटात नाही.

म्हणून हे पत्र. गुलाबदाणी तुझ्याकडे आहे की नाही, एवढंच लिही. माझ्या मनाला लागेल म्हणून 'मीच मागून घेतली होती' असलं काही रचू नकोस. बमरोलीला जाऊन सखुबाईची माफी मागायची का, आणि मग डॉक्टरकडे जायचं का, हे तुझ्या उत्तरावर ठरेल. मुलगी म्हणून वर्गात मी तुला कधी अर्धा गुणही वाढवून दिला नाही. तूही मला देऊ नकोस.

तुझीच,
आई