दोन सायकलींची वाटणी

लिहून ठेवतो मी, देवजी माघ्या वारघडे, वय वर्षे बासष्ट, मूळ गाव साखरशेत, हल्ली राहणार जव्हार, धंदा सायकली भाड्याने देणे व दुरुस्त करणे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी काही पाजलेले नाही. दम लागतो तो छातीला. डोके ठिकाणावर आहे. हिंडता-फिरता आहे तोवरच हे लिहितो, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे मृत्युपत्र नातेवाईक लिहितात आणि तो बिचारा नुसता अंगठा देतो. मला सही येते.

लिहिण्याचे खरे कारण माझी मुलगी चैती. ती सातवीची फायनल परीक्षा पास झाली आणि तिला पोशेऱ्याच्या शाळेत मास्तरणीची नेमणूक आली. दहा जूनला हजर व्हायचे, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. राहायची सोय मोखाड्यात तिची मावशी धोंडीबाई हिच्याकडे. तिथून पोशेऱ्याला रोज सायकलने जायचे आणि यायचे. माझा मुलगा वामन, जो कचेरीत कारकून आहे, तो म्हणतो, "पोर सायकलवर बसली तर मी कचेरीत तोंड कसं दाखवू?" मी आज डोळे मिटले तर घरात शब्द वामनचा चालणार आणि चैती घरी बसणार. म्हणून माझा शब्द कागदावर घालून ठेवतो.

कलम १. जव्हारातले कौलारू घर माझी बायको गोजाबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे. तिच्यामागे वामन आणि चैती यांचे निम्मे-निम्मे. कौले दरसाल पावसाआधी चाळावीत. वामनने माणूस न लावता स्वतः वर चढावे. खुर्चीत बसून त्याचे पोट सुटले आहे.

कलम २. साखरशेतचे भाताचे आणि नाचणीचे रान माझा धाकटा भाऊ बाबल्या कसतो, ते त्याच्याकडेच राहावे. बांधावरचा फणस मात्र वडिलांनी माझ्या नावाने लावला होता. गेली सतरा वर्षे बाबल्या सांगत आला की फणस वानरांनी खाल्ले. तो फणस मी त्याला देऊन टाकतो, म्हणजे यापुढे वानरांवर आळ घ्यायला नको.

कलम ३. दुकान, भाड्याच्या तीन सायकली, पंप, पाने आणि पंक्चर बघायची परात गोजाबाईची. कोण कोणती सायकल किती वाजता घेऊन गेला हे मी वहीत लिहितो आणि ती तोंडी सांगते. आजवर चूक निघाली ती वहीत. मी गेल्यावर वही बंद करावी.

कलम ४. आता राहिल्या घरातल्या दोन सायकली. यांच्यावरून माझ्या घरात, दुकानात आणि अख्ख्या बाजारात जेवढी भांडणे झाली तेवढी जमिनीवरूनही कोणाची झाली नसतील.

पहिली विलायती. मी संस्थानच्या कचेरीत जासूद होतो. चोवीस वर्षे लखोटे पायी पोचवले. वावर गाव म्हणू नका, पोशेरा म्हणू नका, सगळी राने पायांनी मोजली. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झाले, जासुदाची जागा गेली, आणि हातात थोडी रक्कम आली. त्याच सुमारास जंगलखात्याचे एक साहेब बदलून चालले होते, त्यांची सायकल मी घेतली. चार बैल आले असते एवढे पैसे मोजले. गोजाबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दूध देते का ही?"

दुसरी देशी. ही बावन्न साली नाशिकहून आणली, विलायतीच्या पाव किमतीत. माझा मित्र मंगळू, जो लोहारकाम करतो, त्याने आग्रह धरला म्हणून आणली. मंगळूचे म्हणणे एकच, "देवजी, लोखंड ते लोखंड. तू नावाचे पैसे देतोस." मी त्याला भर बाजारात अडाणी म्हणालो. पाच वर्षे म्हणत आलो.

कलम ५. या कलमात मी मंगळूला कबुली देतो. तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मिळकत देऊ नये असे दुसरे साक्षीदार जिवा मास्तर सांगतात, म्हणून त्याला दुसरे काही देता येत नाही.

मोखाड्याच्या वाटेवर मोठा उतार आहे. तो उतरताना आपल्याकडचा माणूस कॅरिअरला ऐनाची नाहीतर सागाची फांदी दोरीने बांधतो आणि ती मागे फरफटत नेतो. ब्रेक कमी पडला तरी फांदी सायकल धरून ठेवते. खाली पोचल्यावर फांदी सोडून टाकायची. पाड्यावरच्या बाया ती जळणाला नेतात. हे लहानथोर सगळे करतात. मी करत नसे. विलायती सायकलला झाडाची फांदी बांधायची? लोक काय म्हणतील?

त्रेपन्न सालच्या फाल्गुनात मी आणि मंगळू दोघे त्या उताराला लागलो. तो देशीवर, मागे फांदी. मी विलायतीवर, मागे काही नाही. आता खरी गोष्ट ऐका. त्या सायकलचे ब्रेकचे रबर झिजले होते. नवा जोड मुंबईहून मागवून आणला होता, पण एवढा महाग जोड रोजच्या वापराला कशाला घालवायचा म्हणून मी तो फडक्यात बांधून पेटीत ठेवला होता. महाग वस्तूने माणूस असा कंजूष होतो. दुसऱ्या वळणाला ब्रेक दाबले तर नुसता वास आला. मी सरळ करवंदीच्या जाळीत गेलो.

मागून फांदी घासत, धूळ उडवत मंगळू आला. उतरला आणि त्याने विचारले, "हाड मोडलं का चाक?"

"चाक," मी म्हणालो.

"मग रडतोस कशाला?"

त्याने चाक दोन दगडांवर ठेवले, वर उभा राहिला आणि चालण्यापुरते सरळ केले. फांदीची दोरी सोडून माझा मुरगळलेला हात गळ्यात बांधला. जव्हारात येऊन मी सगळ्यांना सांगितले की म्हैस आडवी आली. मंगळू तिथेच उभा होता. त्याने "हो, मोठी होती" एवढेच म्हटले आणि चार वर्षे तोंड उघडले नाही. वानरांबद्दल बाबल्याला वर एवढे बोललो आहे, तर हेही लिहितो: त्या उतारावर म्हैस नव्हती. मंगळू, तू शहाणा आणि मी गाढव, हे कचेरीच्या कागदावर राहू दे.

कलम ६. सायकलींचा निवाडा. मी नऊ वर्षे हा धंदा केला आहे, दोन्ही प्रकारच्या सायकली हाताखालून गेल्या आहेत, म्हणून माझे म्हणणे कोणी उडवून लावू नये.

विलायती चढाला हलकी आहे. हे खोटे बोलणार नाही. तिचे चाकातले छरे असे फिरतात की पायडल मारले हे पायाला कळत नाही. नऊ वर्षांत ती तीनदाच बिघडली. पण तिन्ही वेळा तिचा सुटा भाग मुंबईहून यायचा होता, आणि एकदा तर आषाढापासून दिवाळीपर्यंत ती भिंतीला टेकून उभी होती. देशी पाच वर्षांत अकरा वेळा बिघडली आणि प्रत्येक वेळी संध्याकाळी घरी आली. तिची चेन मी जोडली, तिची पायडले मंगळूने ठोकली, एकदा तर तिच्या मडगार्डला तेलाच्या डब्याचा पत्रा लावला. भाड्याच्या तिन्ही बाहेर गेल्या की मागायला आलेला माणूस विलायतीला हात लावायला बिचकायचा. "नको देवजीभाऊ, खरचटली तर?" म्हणून देशीच न्यायचा.

तेव्हा कोणी सायकल घ्यायला निघाला तर त्याने ऐकावे. रंग, घंटी, सोनेरी नाव, चामड्याची सीट, यांना जास्त पैसे देणे म्हणजे निव्वळ हौस. हौस वाईट नाही, मीही केली. पण पैसे खर्चायचेच तर छऱ्यांवर आणि ब्रेकवर खर्चावेत; तिथे महाग वस्तू खरोखर चांगली असते. बाकी स्वस्त सायकल घ्यावी आणि दर आठवड्याला तेल द्यावे.

आणखी एक. मुलीला लुगडे नेसून बसायचे तर मधला दांडा आड येतो. गेल्या महिन्यात मी आणि मंगळूने दोन्ही सायकली भट्टीपुढे उभ्या केल्या. विलायतीच्या पातळ नळीला करवत लावायला मंगळूचा हात धजेना, माझाही धीर होईना. देशीचा जाड दांडा त्याने बेधडक कापला, खाली उतरवून तिरका बसवला आणि पितळेने जोडला. वर आम्ही दोघे एकदम बसलो. हलली नाही. मग विलायतीचे छरे आणि पेटीतला तो नवा ब्रेकचा जोड मी घासूनपुसून देशीला बसवला.

येणेप्रमाणे, देशी सायकल मी चैतीला देतो. लोक म्हणतील, बघा, मुलाला चांगली दिली आणि मुलीच्या गळ्यात उरलेली बांधली. त्यांनी हे कलम पुन्हा वाचावे. या घरातली चांगली सायकल देशी आहे, आणि जिला रोज रानातून एकटीने जायचे आहे तिला चांगली द्यायला हवी. पंक्चरचा डबा आणि एक पाना तिला दुकानातून द्यावा.

विलायती सायकल वामनला. घरापासून कचेरीपर्यंतच्या सपाट रस्त्याला ती पुरते, आणि कचेरीच्या दारात लावली की दिसते छान. तिला आता देशी छरे आणि देशी रबर आहे, हे त्याने साहेबांना सांगितले नाही तरी चालेल.

कलम ७. चैतीने दहा जूनला नोकरीवर हजर व्हावे. माझ्यामागे तिला आई, भाऊ, काका, कोणीही अडवू नये. अडवील त्याचा या मृत्युपत्रातला वाटा रद्द समजावा व तो चैतीला मिळावा. तिचा पगार तिचा. कुठल्याही उतारावर तिने फांदी बांधावी. ब्रेक नवे असले तरी बांधावी.

येथवर लिहून आज सकाळी ओटीवर सर्वांना वाचून दाखवले. मंगळू पाचव्या कलमाला खाली बघून हसला आणि डोळे पुसले. धूर गेला म्हणाला. चूल तर विझलेली होती. वामन सातव्या कलमाला लाल झाला. मला वाटले, झाले सगळे, आता सह्या करू. तेवढ्यात दाराशी उभी असलेली चैती म्हणाली,

"बाबा, सगळं दिलंस. पण मला चालवता कुठं येते?"

मी म्हटले, "काय?"

"सायकल. मी कधी बसलेय का? अर्ध्या जव्हाराला तू मागून सीट धरून शिकवलंस. मी अकरा वर्षांची होते तेव्हा मागं लागले होते. तू म्हणालास, उद्या. मग रोज उद्याच म्हणत राहिलास."

मला आठवले. गिऱ्हाईक उभे होते म्हणून म्हणालो असेन. पुढे ती मोठी झाली आणि मलाच लोकांची लाज वाटली. मी वामनला कशाला नावे ठेवतो? मला फार वाईट वाटले आणि मी ते सगळ्यांसमोर बोललो. उठलो, देशी बाहेर काढायला गेलो, तर ओटीच्या पायऱ्यांवरच दम लागला. माझ्याने आता कोणाच्या मागे धावणे होणार नाही.

गोजाबाई पाणी घेऊन आली. मग वामन उठला. त्याने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि माझ्या हातातून सायकल घेतली.

"तू बस, बाबा. मी धरतो मागून," तो म्हणाला. "पण पहाटेचं जाऊ. लोक उठायच्या आत."

म्हणून हे शेवटचे कलम जिवा मास्तरांच्या सल्ल्याविरुद्ध घालत आहे.

कलम ८. देशी सायकल चैतीला माझ्या मरणानंतर नव्हे, आजपासून दिली आहे. वामनने उद्यापासून तिला शाळेपुढच्या मैदानात रोज शिकवावे. वेळ सकाळी आठची, भर बाजार उघडल्यावरची. मी कडेला खुर्ची टाकून बसणार आहे. ती कोणी न धरता मैदानाला एक पुरा फेरा मारीपर्यंत मला मरायला सवड नाही. तोवर हे मृत्युपत्र कोणी उघडू नये.

वर लिहिले ते मी स्वतः लिहिले, वाचले आणि खाली सही केली.

देवजी माघ्या वारघडे
(सही, माझ्या हाताची)

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना डोळ्यांनी पाहिले व माझ्यासमोर आपली निशाणी केली:

१. मंगळू बुधा भोये, लोहारकाम, राहणार जव्हार. डाव्या हाताचा अंगठा.

२. जिवा रामा गावित, निवृत्त शिक्षक, राहणार जव्हार. सही. (आठवे कलम कायद्यात बसत नाही, असे मी सांगितले होते. तरी सही करतो.)

मुक्काम जव्हार, जिल्हा ठाणे, मुंबई राज्य.
तारीख १९ मे १९५७, रविवार.